तेलावरचा कर आणि घरची शाळा

अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली एका खटल्यात तेलकंपन्यांविरुद्ध निकाल दिला. वाद हद्दीचा आणि कराचा होता. मी त्याकडे वळलो तो स्थानिक करांविषयीच्या कुतूहलापोटी. पण मागचा इतिहास उलगडत गेलो, तेव्हा हाती लागली ती शाळेची कहाणी.

उतकियागविक, म्हणजे पूर्वीचे बॅरो, हे अमेरिकेचे उत्तरेकडचे शेवटचे गाव. बाहेरून तिथे रस्ता जात नाही. हिवाळ्यात दोन महिन्यांहून अधिक काळ सूर्य उगवत नाही. मूळ वस्ती इनूपियात लोकांची. त्यांची शाळा मात्र दीर्घकाळ वॉशिंग्टनचे सरकार चालवत होते. शिकवणे इंग्रजीतून, मातृभाषा बोलल्यास शिक्षा. पूर्ण हायस्कूल नसल्याने पुढे शिकायचे तर हजार मैलांहून दूर, सिट्काजवळच्या माउंट एजकम वसतिशाळेत किंवा थेट ओरेगन राज्यात जावे लागे. वसंतात समुद्रावरचा बर्फ फाटू लागला की गाव व्हेलच्या शिकारीला निघे. हे कसब वडीलधाऱ्यांसोबत राहूनच अंगी येते. नेमक्या त्या वयात मूल परमुलखात असे.

१९६८मध्ये प्रूडो बे येथे प्रचंड तेलसाठा सापडला. ईबेन हॉपसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती संधी ओळखली. १ जुलै १९७२ रोजी नॉर्थ स्लोप बरो अस्तित्वात आला आणि हॉपसन त्याचे पहिले महापौर झाले. बरो म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारखी संस्था. मात्र तेलाच्या मालमत्तेवर कर लावण्याचा अधिकार तिला होता आणि शाळा चालवणे हे तिचे कायद्याने ठरलेले काम होते. महाराष्ट्राच्या सुमारे पाऊणपट प्रदेशात आठ गावे. एवढ्या विरळ वस्तीचा बरो होऊच शकत नाही, हा कंपन्यांचा आक्षेप न्यायालयाने फेटाळला. कराचा पैसा आला, गावोगावी वर्ग वाढले, मुले घरी राहून शिकू लागली.

अलास्कात इतरत्र हाच प्रश्न मॉली हूच या यूपिक मुलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातून सुटला. १९७६च्या तडजोडीने १२६ गावांना हायस्कूलचा हक्क मिळाला. तिथे सरकारने शाळा देण्याचे मान्य केले. उत्तरेत लोकांनी ती स्वतःच्या तिजोरीवर उभी केली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

पण हॉपसन एवढ्यावर समाधानी नव्हते. १९७५मध्येच त्यांनी आपल्या लोकांना विचारले होते : मंडळ आपले झाले, पण आत जे शिकवले जाते ते आपले आहे, की आपल्याच हातून गोऱ्यांची शहरी संस्कृती पुढे चालली आहे? शिक्षक बहुतांशी बाहेरून येत होते, पुस्तकेही बाहेरचीच. शाळेने लोटलेली भाषा शाळा ताब्यात आल्याने परत येत नाही. इनूपियाक भाषा सहज बोलणारी मुले आज विरळाच.

तिजोरीची किल्ली मिळवायला दोन वर्षांची कोर्टकचेरी पुरली. हॉपसन यांचा प्रश्न पन्नास वर्षांनीही तिथल्या वर्गात उभा आहे.