गोळ्या ‘गरम’ पडल्या, की कुणी सांगितलंच नाही?

टीबीचा कोर्स मधेच सोडलेल्या माणसाला आपल्या भागात कारण विचारा. उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, “गोळ्या लई गरम पडत होत्या.” सरकारी कागदावर मात्र कित्येक वर्षं याच माणसापुढं ‘डिफॉल्टर’ असं लिहिलं जायचं. हा शब्द आपल्याला बँकेमुळं माहीत, कर्ज बुडवणाऱ्याला लावतात तो. आजारी माणसाला तो कसा चिकटला हे समजायचं असेल तर जरा मागं जावं लागेल. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

२४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्या जंतूवर चालणारं औषध यायला मात्र पुढं साठ वर्षं लागली. तोवर उपचार म्हणजे मोकळी हवा, विश्रांती आणि सकस खाणं. म्हणून सॅनेटोरियम डोंगरावर, गावाबाहेर. पाचगणीचं बेल एअर १९१२ चं, डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी काढलेलं. मिरजेजवळ वानलेसवाडीचं होतं. अजिंठ्याच्या रांगेवरच्या आमच्या थंड हवेच्या बुलढाण्यातही क्षय आरोग्यधाम झालं. अशा ठिकाणी औषध कमी असेल, पण नर्स रोज भेटायची. ताप लिहायची, थुंकी कुठं टाकायची ते शिकवायची. रुग्णाला काही वाटलं, तर विचारायला माणूस समोर होतं.

१९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, मग पॅस, १९५२ ला आयसोनियाझिड. माणसं बरी होऊ लागली, पण औषधांचा त्रासही सोबत आला. स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शननं चक्कर यायची, काहींचे कान जायचे. पॅस रोज कित्येक ग्रॅम घ्यावं लागे आणि मळमळीनं जीव नकोसा व्हायचा.

आता खरी गोष्ट. १९५६ मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना मिळून. प्रमुख होते डॉ. वॉलेस फॉक्स. १९३ गरीब रुग्ण घेतले. काही सॅनेटोरियमात, काही स्वतःच्या दाटीवाटीच्या घरात. औषधं सारखीच, वर्षभर. घरच्यांचं खाणं कमी, विश्रांती कमी. तरीही ते जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरातल्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. जगभरात सॅनेटोरियमं ओस पडायला या निकालाचा मोठा हात आहे. गरीब देशासाठी ही फार मोठी सोय होती, त्यात शंका नाही.

पण माझं म्हणणं असं, की मद्रासच्या अभ्यासाचा अर्धाच धडा आपण घेतला. तिथं घरी राहणारा रुग्ण वाऱ्यावर सोडलेला नव्हता. केंद्राची माणसं त्याच्या घरी जायची, न सांगता जाऊन गोळ्या मोजायची, लघवी तपासून औषध घेतलंय का ते बघायची. १९६२ ला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आला तेव्हा गोळ्या जिल्ह्याजिल्ह्यात पोचल्या. घरी जाणारं ते माणूस मात्र तेवढ्या प्रमाणात पोचलं नाही. महिन्याच्या गोळ्या घ्या आणि पुढच्या महिन्यात या, एवढंच उरलं. त्यातच पॅस महाग म्हणून थायासेटाझोन वापरात आलं. त्यानं उलट्या व्हायच्या, अंगावर पुरळ यायचं. रुग्णानं गोळ्या बंद केल्या, की झाला डिफॉल्टर.

लोक बेफिकीर असतात हे तेव्हाही सांगितलं जायचं. ते खोटं असल्याचं १९६३ मध्येच दिसून आलं होतं. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या गावांत पाहणी केली. क्षय असलेले निम्म्याहून जास्त लोक आधीच दवाखान्यात जाऊन आले होते. तिथून बहुतेकांना खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं होतं. म्हणजे माणूस दारात आला होता, आपणच त्याला ओळखलं नाही.

१९९७ पासून डॉट्स आलं आणि २००६ पर्यंत देशभर पसरलं. रुग्णाच्या नावाचा डबा, एक दिवसाआड गोळ्या, समोर बसवून गिळायला लावायच्या. बराच फायदा झाला, नाकारत नाही. पण गिळताना बघणं वेगळं आणि समजावून सांगणं वेगळं. २०१७ पासून रोजची एकत्रित गोळी आली, ती बहुतेक जण घरीच घेतात. म्हणजे आता सगळी मदार रुग्णाला किती कळलंय यावरच आहे.

आणि सांगायचं तरी किती असतं? रिफाम्पिसिननं लघवी लाल-केशरी होते. ते रक्त नाही, घाबरू नका. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्यानं कमी होतो, हे बाईला पहिल्याच दिवशी कळायला हवं. आयसोनियाझिडनं हातापायाला मुंग्या येऊ शकतात, त्यावर ब-६ ची गोळी आहे. पायराझिनामाइडनं सांधे दुखतात. इथॅम्ब्युटॉल चालू असताना धूसर दिसू लागलं, रंग ओळखू येईनात, किंवा डोळे पिवळे होऊन उलट्या सुरू झाल्या, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आमच्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या तक्रारी कायमच्या. किडनी अधू असेल तर इथॅम्ब्युटॉलचा हिशोबच बदलतो. ‘गरम पडलं’ या दोन शब्दांत यातलं काहीही असू शकतं. साधा त्रास कोणता आणि धोका कोणता, हे वेगळं करून सांगणं हे नर्सिंगचंच काम आहे.

ते सांगायचं कुठल्या भाषेत, हाही प्रश्न आहे. जळगाव जामोदच्या सातपुड्यात निहाली बोलणारी माणसं आहेत. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं पक्कं जुळलेलं नाही. तिथं प्रमाण मराठीत छापलेलं पत्रक वाटून काय होणार?

यात सिस्टरला दोष देण्यात अर्थ नाही. एकाच बाईकडं लसीकरण, बाळंतपणं, रजिस्टरं आणि मोबाईलवरच्या नोंदी दिल्यावर बोलायला वेळ कुठून आणायचा? म्हणून मागणी शासनाकडं आहे. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात औषधं समजावून सांगण्यासाठी नेमलेली परिचारिका हवी. रुग्णाशी बोलणं हे तिचं मोजलं जाणारं काम असावं, उरल्या वेळातलं नसावं. सांगून झाल्यावर “आता तुम्ही मला सांगा बरं, कोणती गोळी कधी घेणार, आणि काय झालं तर धावत येणार?” एवढं तिनं विचारावं. उत्तर चुकलं तर परत सांगावं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये ‘डिफॉल्टर’ हा शब्द काढून टाकला आणि ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ अशा अर्थाचा शब्द घेतला. पाठपुरावा करायचा असतो यंत्रणेनं, त्यामुळं जबाबदारी कुणाची हे नवा शब्दच सांगतो. आपल्याकडं तो कागदावर आला, बोलण्यात अजून जुनाच चालतो.

तुमच्या ओळखीत कुणाचा कोर्स चालू असेल तर लाल लघवीची आणि पिवळ्या डोळ्यांची गोष्ट आजच सांगा. आणि गोळ्या गरम पडतायत असं कुणी म्हणालं, तर रागावू नका. नेमकं काय होतंय ते आधी विचारा.