कव्हरवर नसलेली नावं

तारीख नीट बघून घ्या : 26 जून 1983, रविवार. पुणे-बंगळूर हायवे अजून चौपदरी झालेला नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली फाट्याला एसटीतून उतरलात की खिशातला मोबाइल काढायचा नाही. काढून उपयोगही नाही, त्याला इथे रेंज द्यायला कुणी जन्मलेलं नाही. पाऊस भुरभुरतोय, पण नाकात आधी शिरतो तो फाउंड्रीतल्या कोकचा धूर.

काल रात्री कपिलच्या पोरांनी लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजला 140 मध्ये गुंडाळलंय. त्यामुळे एमआयडीसीत गेटापासून वजनकाट्यापर्यंत सगळीकडे मोहिंदर आणि मदनलाल. तुम्ही तिथे थांबू नका. शेडला वळसा घालून मागे या, फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग साफ करायच्या ओट्यापाशी. आज ओतकाम आहे, पण क्युपोलात लोखंड वितळायला अजून अवकाश आहे, आणि एका खोक्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टेपरेकॉर्डर चालू आहे. पिशवी धुळीसाठी. या धुळीत हेड आठवडाभरसुद्धा टिकत नाही.

"पाव्हणं, च्या घेणार न्हवं?"

घ्या. नाही म्हणालात तर परके व्हाल.

चौघं बसलेत. पॅटर्न करणारे काका, एक मोल्डर, कोअरशॉपमधल्या मावशी आणि फेटलिंगचा पोरगा. मिशी फुटतेय, हातात छिन्नी. उद्या 27 जून, म्हणजे राहुल देव बर्मनचा वाढदिवस. पंचम 44 वर्षांचा होणार. "शोले" करूनही ज्याला फिल्मफेअर मिळालं नाही, त्याला यंदा "सनम तेरी कसम"साठी पहिल्यांदा मिळालंय, आणि या ओट्यावर त्या बातमीचं मोल लॉर्ड्सपेक्षा तसूभरही कमी नाही.

काकांनी आज पेटी आणलीय. पॅटर्नच्या उरलेल्या सागवानाची, आत सात इंची ईपी उभ्या राहतील अशा खाचा. बिडाचं कास्टिंग गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी मुळातच शेकड्याला एक या हिशेबानं वाढीव आखलेली असते. काकांनी सवयीनं त्याच पट्टीनं पेटी मापली, त्यामुळे रेकॉर्डी आत अंमळ सैल बसतात. मोल्डर दर वेळी यावरून चिडवतो आणि काका दर वेळी तेवढेच चिडतात.

एकेक रेकॉर्ड हातात घेऊन बघा. संगीतकार आहे, गीतकार आहे, गायक आहेत, हीरो-हिरॉईनचा रंगीत फोटो आहे. वाजवणाऱ्याचं नाव शोधा. नाही. लेबलवर नाही, कव्हरच्या पाठीवर नाही. थेटरात वेळेवर जाऊन बसलात तर कधी सहायक म्हणून बासू-मनोहारी-मारुती अशी तीन नावं पडद्यावरून सरकतात. त्यातला मारुती म्हणजे मारुतीराव कीर, तालाची बाजू सांभाळणारा आपला मराठी माणूस. काका हे सांगताना जरा ताठ बसतात.

बाकीच्यांना या चौघांनी कानानं ओळखायचं ठरवलंय, आणि ओळखायचा कान इथे मिळतोच. पोरगा बोलता बोलता कास्टिंगवर हातोडी मारतो : ठण्ण. दुसऱ्यावर मारतो : भद्द. ते बाजूला जातं, आत चीर आहे. दिवसभर हेच ऐकणाऱ्या माणसाला "यादों की बारात"मधल्या गाण्याच्या सुरुवातीला ग्लासवर चमचा वाजतो, हे कुणी सांगावं लागत नाही. "शोले"मधल्या हेलनच्या नाचाआधी बाटलीच्या तोंडावर फुंकर मारलीय, हेही पोरानं ओळखलंय. खात्रीसाठी त्यानं इथेच सोड्याच्या बाटल्या कमीजास्त भरून फुंकून पाहिल्या. मोल्डर म्हणतो, फोरमननं तेव्हा याला हाकलायचाच बाकी ठेवला होता.

मावशींचा प्रश्न वेगळा आहे. "सत्ते पे सत्ता"त दुसरा अमिताभ पडद्यावर आला की मागे ती भेसूर गुळगुळ होते ती कशाची? "मशीन हाय," मोल्डर म्हणतो. "बाई हाय," मावशी म्हणतात. "बाई चूळ भरल्यावानी गुळण्या करत्या."

मावशी बरोबर आहेत. ते अ‍ॅनेट पिंटोचं काम, घशात पाणी धरून माइकसमोर केलेलं. तुम्हाला हे माहीत आहे, कारण तुम्ही ज्या काळातून आलात तिथे या वादकांना शोधून काढून, व्यासपीठावर बसवून, कोणता ठेका कुणाचा ते त्यांच्याच तोंडून वदवून घेणारी माणसं आहेत. पुण्यात पंचममॅजिकवाल्यांनी ते केलं. "पंचम अनमिक्स्ड" हा माहितीपट आला. ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी अभ्यासकानं 2008 मध्ये मुंबईच्या फिल्मी वादकांवर आख्खं पुस्तक लिहिलं. ओट्यावरच्या चौघांकडे यातलं काहीच नाही. त्यांच्याकडे भरून घेतलेल्या कॅसेटी आहेत, त्याही अर्ध्या दुसऱ्या रेकॉर्डवरून उतरवलेल्या.

मादल लागतं. "घर"मधलं गाणं, सुरात लावलेल्या मादलांची ती टपटप. काका डोळे मिटतात. हा कांचा, म्हणजे रणजीत गजमेर, हे त्यांना कुठून तरी कळलंय. "आराधना"तलं अकॉर्डियन केर्सी लॉर्डचं, हेही त्यांना ठाऊक आहे. गाणं जुन्या बर्मनदांचं, म्हणजे पंचमच्या वडिलांचं, पण ओटा तेवढा भेद करत नाही. कधी कधी ते चुकतात. संतूर लागलं की मोल्डर ठोकून देतो, शिवकुमार. पंचमकडे आता उल्हास बापट वाजवतात, हे तुमच्या जिभेवर येतं. चहा गिळा.

मग काका पेटीच्या तळातून एक मोठी एलपी काढतात. दुकानदारानं पडून राहिलेली म्हणून पडत्या भावात दिली, म्हणाला, न्या, ही कुणी विचारत नाही. तुमच्या हाताला घाम फुटतो. चरणजित सिंग, दहा राग, सिंथेसायझरवर, डिस्कोच्या ठेक्यावर. 1982 ची एचएमव्ही. "हरे रामा हरे कृष्णा"मधल्या त्या धुंद गाण्यात ट्रान्झिकॉर्ड वाजवणारा हाच माणूस. रोलंडच्या तीन यंत्रांवर त्यानं जे केलं, त्याच्या जवळ जाणारं संगीत शिकागोत आणखी काही वर्षांनी निघेल आणि अ‍ॅसिड हाउस म्हणून गाजेल. 2010 मध्ये एक डच कंपनी ही एलपी पुन्हा काढेल, म्हातारा चरणजित परदेशात कार्यक्रम करत हिंडेल आणि मूळ प्रतीसाठी संग्राहक वेड्यासारखे पैसे ओततील.

"कशी वाटली?" पोरगा विचारतो. "मला तर बिघडलेल्या कॉम्प्रेसरवानी वाटत्या."

तुम्ही ती विकत मागू शकता. काका देतीलही. मागू नका. आपल्याला न आवडलेली रेकॉर्डसुद्धा हा माणूस पुसून, उभी, खाचेत ठेवतो. तुमच्या लिलावापेक्षा ती इथे बरी.

बाजू बदलते. "शोले"चं माउथ ऑर्गन. पडद्यावर अमिताभ ओसरीत बसून वाजवतो, वर जया दिवे मालवते. चौघंही गप्प. मग मोल्डर म्हणतो ते तो नेहमीच म्हणत असणार : "पण वाजवलंय कुणी?"

आता मात्र तुमच्यानं राहवत नाही. "भानू गुप्ता," तुम्ही म्हणता. "गिटारही तेच वाजवतात."

चार माना वळतात. काका चष्म्यावरून बघतात. "कुठं वाचलंत?"

काय सांगणार? ज्या पुस्तकांत ते आहे ती अजून लिहायची आहेत. "ऐकलंय," तुम्ही म्हणता. काका थोडा वेळ तुम्हाला त्या कास्टिंगसारखं ठोकून बघतात. मग कानामागची पेन्सिल काढून, रेकॉर्डच्या आतल्या पांढऱ्या पिशवीवर, पॅटर्नवर नंबर टाकावा तशा सुबक अक्षरात लिहितात : माउथ ऑर्गन – भानू गुप्ता. आणि पुढे प्रश्नचिन्ह.

पिशवीवर आधीची नावं दिसताहेत. भूपेंद्र, गिटार. टोनी वाझ, बास. होमी मुल्लां. काहींपुढचं प्रश्नचिन्ह खोडलेलं, काहींपुढचं तसंच.

"ते चिन्ह कशाला?" पोरगा भडकतो. "पाव्हणं सांगत्यात की!"

"पाव्हणं उद्या जातील," काका म्हणतात. "दुसऱ्यानं बी हेच सांगितलं की खोडू."

"आणि दुसरा आलाच न्हाई तर?"

"मग ऱ्हाईल."

मावशी पोराची बाजू घेतात, मोल्डर काकांची. तेवढ्यात शेडमधून हाळी येते, लोखंड तयार आहे. मोल्डर लेडलकडे पळतो आणि पळता पळता ओरडून सांगतो की आपण परत येईपर्यंत कुणी काही खोडायचं नाही.