सिनेमात जळालेलं गाव

अमेरिकेत इतिहास बघायला जाणं म्हणजे पंढरपुरात समुद्र बघायला जाणं, असं आमच्या पेठेतल्या जाणकारांचं मत आहे. आता पेठेतल्या मताला आधार हा असतोच. शनिवारवाडा बांधून झाला 1732 साली, जळाला 1828 साली. आणि त्याची राख गार होऊन नऊ वर्षं झाल्यावर, 1837 मध्ये, जॉर्जियाच्या रानात आगगाडीवाल्यांनी एक खुंटा ठोकला. तो खुंटा म्हणजे अटलांटा! गावाचं पहिलं नाव 'टर्मिनस'. आता टर्मिनस हे काय गावाचं नाव झालं? ते कंडक्टरने ओरडायचं. पुढे कुणाला तरी ते खटकलं असावं. 1843 मध्ये एका माजी गव्हर्नरसाहेबांच्या कन्येवरून 'मार्थाजव्हिल' ठेवलं आणि दोनच वर्षांत तेही पुसून 'अटलांटा' केलं. बारशाची एवढी हौस असलेलं गाव मी दुसरं पाहिलं नाही.

पण एका बाबतीत या गावाचं आणि आमचं जमावं. दोघांचाही अभिमान आगीवर शेकलेला. यादवी युद्धात उत्तरेकडच्या सेनापती शर्मनने (नावावरून उगीच आपल्यातला वाटतो) सप्टेंबर 1864 मध्ये हे गाव घेतलं, रहिवाशांना बाहेर काढलं आणि नोव्हेंबरात निघताना पेटवून दिलं. शहराच्या मुद्रेवर राखेतून उठणारा फीनिक्स पक्षी आहे.

"मामा, पहिल्यांदा सायक्लोरामा बघायचा," असं भाच्याने फर्मावलं. सायक्लोरामा म्हणजे 22 जुलै 1864 च्या लढाईचं गोल चित्र. उंची 49 फूट! आपण मधे उभं राहायचं आणि आपल्याभोवती लढाई. मान दुखायला लागली की युद्धाचा खरा अनुभव येतो. हे चित्र मुळात मिलवॉकीत काढलं, ते जर्मन चित्रकारांनी आणि उत्तरेकडच्या गिऱ्हाइकांसाठी. तेव्हा त्यात जिंकलेलं कोण दाखवणार? उत्तरवालेच. 1892 मध्ये ते अटलांटात आलं आणि नव्या मालकापुढे प्रश्न पडला, की हरलेल्यांना पैसे देऊन स्वतःचा पराभव बघायला बोलवायचं कसं? मग त्याने युक्ती केली. चित्रात दक्षिणेचे काही सैनिक कैदी म्हणून चालले होते, त्यांचे करडे डगले निळे रंगवून घेतले. झालं! पळणारे उत्तरवाले ठरले आणि दक्षिणेने लढाई जिंकली. इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी आपल्याकडे केवढ्या समित्या बसतात! इथे एक डबा निळा रंग पुरला. पुढे 1930 च्या दशकात ते डगले पुन्हा करडे केले. त्याच सुमारास चित्राच्या पायथ्याशी प्लास्टरचे सैनिकही मांडले. त्यांतल्या एका मेलेल्या सैनिकाचा चेहरा हुबेहूब क्लार्क गेबलचा आहे. मिशीसकट!

गेबल आला होता तो 'गॉन विथ द विंड'च्या पहिल्या खेळाला, 15 डिसेंबर 1939 रोजी. अटलांटा कसं जळालं हे साऱ्या जगाला कळलं ते या सिनेमामुळे. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या मार्गारेट मिचेलबाई इथल्याच. त्यांची दोन खोल्यांची जागा जपून ठेवली आहे. बाई स्वतः तिला 'उकिरडा' म्हणायच्या. त्या खेळाला बडी मंडळी आली. हॅटी मॅकडॅनियल मात्र नव्हती. सिनेमातली मॅमी तीच आणि त्या कामाबद्दल पुढच्या वर्षी तिला ऑस्कर मिळालं. पण थिएटर गोऱ्यांचं, ही काळी. आदल्या रात्री बड्या लोकांचा नाच झाला, तिथे मात्र काळ्यांचं एक भजनी मंडळ खास बोलावलं होतं, गुलामांच्या वेषात गाण्यासाठी. त्यात दहा वर्षांचा एक मुलगा होता. एबनेझर चर्चच्या पाद्र्याचा मुलगा, मार्टिन ल्यूथर किंग.

ते चर्च ऑबर्न अव्हेन्यूवर आहे. किंगचं जन्मघर तिथून चालत दोन मिनिटांवर, आणि शेजारी पाण्याच्या मधोमध नवराबायकोची समाधी. जवळच आपले गांधीजी काठी घेऊन निघाले आहेत. हा पुतळा 1998 मध्ये भारतातून आला. 1959 साली किंग भारतात आला तेव्हा मुंबईत उतरला तो मणिभवनात. त्याच दौऱ्यात केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्याची ओळख करून दिली, 'हे अमेरिकेहून आलेले अस्पृश्य' अशी. क्षणभर त्याला राग आला. मग वाटलं, खरंच की! ही हकीकत त्याने 4 जुलै 1965 रोजी याच चर्चमध्ये सांगितली.

मी हे भाच्याला सांगत होतो. मधल्या बाकावर त्याची नऊ वर्षांची ईरा बसली होती.

"आजोबा, अस्पृश्य म्हणजे काय?"

भाच्याने बायकोकडे पाहिलं, तिने छताकडे. मग मी सांगितलं. काही सोपं करून सांगता येईना. आणि सांगायला सुरुवात शनिवारवाड्याच्या आसपासच करावी लागली.

"म्हणजे त्यांना चर्चमध्ये येऊ द्यायचे नाहीत?"

"देवळात. नाही."

दुपारी कोकाकोलाचं म्युझियम होतं. तिकिटं काढलेली, तेव्हा जाणं भाग. 1886 मध्ये पेम्बर्टन नावाच्या औषधवाल्याने हे पेय याच गावात शोधलं, पाच सेंटला ग्लास. त्याची कृती इथे तिजोरीत ठेवली आहे. ही कृती सांगायची नाही म्हणून 1977 मध्ये कंपनी आपल्याकडून गाशा गुंडाळून गेली होती, आणि आपण थम्स अप पिऊन राष्ट्रकार्य केलं. 1993 मध्ये परत येताना त्यांनी थम्स अपच विकत घेतलं, ही निराळी गोष्ट. शेवटी देशोदेशीची सरबतं फुकट प्यायला मिळतात. त्यात 'बेव्हर्ली' नावाचं एक इटालियन प्रकरण आहे. चवीला अस्सल काडेचिराईत. भाच्याने ते मला मुद्दाम पाजलं.

ईराने ग्लास भरून घेतला आणि विचारलं, "किंगला मिळायचं का कोक?"

"मिळायचं. पण गोऱ्यांच्या शेजारी बसून पिता यायचं नाही. 1960 मध्ये तो विद्यार्थ्यांबरोबर इथल्या एका मोठ्या दुकानात खायला गेला, तर त्याला अटक झाली."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे चहा असायचा," मी म्हटलं. "कपबशी वेगळी ठेवायचे."