मानमोडीत गेलेल्यांच्या नावापुढे ‘ताप’ का लिहिलं आहे?

आमचं मूळ गाव वाडा तालुक्यातलं, म्हणजे तेव्हाचा ठाणे जिल्हा. जातीच्या दाखल्यासाठी सगळे शोधतात तसं मीही कोतवाल बुक शोधलं. मोडीतली पानं वाचून घेताना पणजीची नोंद सापडली: १९१८, ऑक्टोबर. मृत्यूचं कारण, ‘ताप’. त्या पानावर जवळजवळ सगळ्यांचं कारण तेच. आजी मात्र कायम म्हणायची, “ती मानमोडीत गेली, छाती भरून.”

दोन्ही खरं कसं? नोकरीनिमित्त सिल्वासाला आलो आणि इथेच राहिलो, पण हा प्रश्न डोक्यातून गेला नाही.

मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएंझा. १० जून १९१८ रोजी मुंबईत पोलीस खात्यातले सात शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले, त्यातला एक गोदीवर नेमलेला. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात आली ती मारणारी. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेने साथ गावोगाव नेली. त्यात पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली. नगर हवेली तेव्हा पोर्तुगीजांकडे, त्यामुळे या आकड्यात आपला भाग धरलेलाच नाही. पण चारी बाजूंनी इलाखा आणि संस्थानं, आणि वापीचं स्टेशन हाकेच्या अंतरावर.

आता बघा, नुसत्या तापाने माणसं फार गेली नाहीत. मी इंजिनिअर, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: इन्फ्लुएंझाने श्वासनलिकेचं अस्तर खरवडलं, म्हणजे फिल्टर गेला. मग एरवी घशात गुमान बसणारे जिवाणू खाली उतरले. फुप्फुसाच्या पिशव्यांत हवेच्या जागी पाणी आणि पू. ओठ निळे, नखं काळी. काहींच्या छातीत बाहेरून पू साचायचा. ताप उतरल्यासारखा वाटून आठवड्या-दहा दिवसांनी माणूस दगावायचा. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १९१८च्या ५८ सैनिकांच्या शवविच्छेदनातले फुप्फुसाचे जपून ठेवलेले तुकडे पुन्हा तपासले. जवळजवळ सगळ्यांत जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा होत्या.

त्या काळी रुग्णालयात तरी काय होतं? पेनिसिलीनचा शोधच १९२८चा. फ्लूचा विषाणू माणसात सापडला १९३३ला. तोवर डॉक्टर फायफरच्या जिवाणूलाच दोष देत होते. उपचार म्हणजे मोकळी हवा, दूध, कोणीतरी कुशीवर वळवणारं माणूस. हे ज्याला मिळालं तो तगला. मुंबईत युरोपियनांचा मृत्युदर हजारी ८.३, तर खालच्या मानलेल्या जातींतल्या हिंदूंचा ६१.६. रोग एकच, चाळीतली खोली वेगळी. बायका जास्त गेल्या. घरातल्या सगळ्यांचं करता करता त्या शेवटी पडायच्या. पणजी तशीच गेली म्हणे.

गावात डॉक्टर नव्हता. नोंद करणार पाटील नाहीतर कोतवाल, आणि कारणं ठरलेली: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात, इतर. घरच्यांनी सांगितलं “ताप आला होता”, त्याने ‘ताप’ लिहिलं. खोटं नाही लिहिलं. साखळीची पहिली कडी लिहिली, शेवटची राहिली. म्हणूनच सरकारला नंतर साथीचे बळी ‘ताप’ या सदराच्या नेहमीपेक्षा फुगलेल्या आकड्यावरून काढावे लागले.

२०२१च्या एप्रिलात आमच्या घरातलं एक माणूस रुग्णालयात गेलं. तिथल्या फॉर्मवर कारणाला एकाखाली एक ओळी असतात: आधी तात्काळ कारण, मग ते कशामुळे, मग तेही कशामुळे. श्वसन बंद पडणं, न्यूमोनिया, कोविड. मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ उभा होतो.

आपल्यापैकी अनेकजण कुणबी नोंदी शोधायला कोतवाल बुकं चाळतात. शके १८४०, आश्विन-कार्तिक आलं की जातीच्या रकान्यावरून जरा पुढे नजर टाका. लागोपाठ ‘ताप’ दिसला तर वयं उतरवून घ्या. वीस ते चाळीसची माणसं, त्यातही बायका जास्त असतील, तर ते पान मानमोडीचं आहे. फोटो मंडळाकडे पाठवा. नावं आपण छापत नाही, गाव, वय आणि तिथी पुरे.