ॲव्हरेज मोजतं कोण?

नवी गाडी बघायला गेलेला माणूस रंग, सीट, डिकी सगळं बघून झाल्यावर एक प्रश्न विचारतोच : "ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न जितका जुना, जवळपास तितकंच जुनं त्याचं एक चमत्कारी उत्तर आहे. छोटीशी वस्तू गाडीला बसवा आणि पेट्रोल वाचवा! मग ते पेट्रोलच्या नळीवर बसवायचं लोहचुंबक असेल, हवेच्या वाटेत ठेवायचं पातं असेल, टाकीत टाकायची गोळी असेल, नाहीतर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा, दिवे लुकलुकवणारा ठोकळा. वस्तू बदलते, जाहिरात तीच राहते.

माझा एक मामेभाऊ टुरिस्ट गाडी चालवतो. त्याने मध्यंतरी अशाच एका ठोकळ्याची जाहिरात मला पाठवली. खाली एवढंच, "ताई, घेऊ का गं?" रोज दोन-अडीचशे किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला पंधरा टक्के बचत म्हणजे गंमत नसते. त्यात मुलांच्या फीचा प्रश्न सुटतो. त्यामुळे "काही उपयोग नाही" असं उडवून लावण्यापेक्षा जरा मागे जाऊन बघावं म्हटलं. आणि मागे जाता जाता थेट कॅनडातल्या विनिपेगला पोचले.

तिथल्या चार्ल्स नेल्सन पोग नावाच्या गृहस्थांना १९३० ते १९३६ या काळात कार्ब्युरेटरची अमेरिकन पेटंटं मिळाली. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाला देणारा भाग. पोगची कल्पना अशी, की इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या उष्णतेवर पेट्रोल तापवायचं, त्याची पूर्ण वाफ करायची आणि मगच ते आत सोडायचं. वाफ झालेलं पेट्रोल नीट जळेल, थेंब वाया जाणार नाही. ऐकायला पटतं ना? वर्तमानपत्रांतून बोलबाला झाला, की गाडी गॅलनला २०० मैल जाते! गॅलन ब्रिटिश धरा की अमेरिकन, लिटरला ७० ते ८५ किलोमीटर होतात.

असा कार्ब्युरेटर लावलेली गाडी बाजारात कधीच आली नाही. आणि आली नाही म्हणूनच दंतकथा जन्माला आली. तेल कंपन्यांनी म्हणे शोध विकत घेतला आणि तिजोरीत पुरला.

आता या दंतकथेची गंमत बघा. पेटंट ही लपवायची वस्तूच नव्हे. शोध कसा चालतो ते आकृत्यांसकट जगजाहीर करायचं, त्या बदल्यात सरकार काही वर्षं मक्तेदारी देतं, असा तो सौदा असतो. अमेरिकेत तेव्हा ही मुदत १७ वर्षांची होती. म्हणजे पोगचं शेवटचं पेटंट १९५३ साली संपलं. त्यानंतर कुणीही, कुणालाही एक पैसा न देता, तो कार्ब्युरेटर बनवू शकत होता. मग तिजोरीत नक्की काय होतं?

हिशोब करून बघू. त्या काळची साधारण १,२०० किलोची गाडी सपाट रस्त्यावर, ताशी ५० किलोमीटर या संथ वेगाने चालली आहे असं धरू. टायर आणि हवा यांचा विरोध ढोबळमानाने ३५० न्यूटन धरला, तर एका किलोमीटरला ०.३५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. ७० किलोमीटरला झाली साडेचोवीस. एक लिटर पेट्रोलमध्ये असतात सुमारे ३२ मेगाज्यूल. म्हणजे पेट्रोलमधली तीन चतुर्थांश ऊर्जा चाकांपर्यंत पोचायला हवी. त्या काळचं इंजिन पाव भागही पोचवत नव्हतं. आणि ही गळती पेट्रोल अर्धवट जळाल्यामुळे नव्हतीच. चालू स्थितीतल्या इंजिनात बहुतेक सगळं पेट्रोल जळतं, आजच्या गाडीत तर जवळजवळ सगळंच. नुकसान होतं ते उष्णतेचं. रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून ती निघून जाते. पोगपासून आजपर्यंतच्या बहुतेक वस्तू "न जळलेलं पेट्रोल वाचवतो" असं सांगतात, म्हणजे जिथे भोक नाही तिथे ठिगळ लावतात.

पाण्यापासून हायड्रोजन काढून इंजिनात सोडणाऱ्या किटची तऱ्हा आणखी वेगळी. पाणी फोडायला वीज लागते, ती गाडीचा अल्टरनेटर देतो, त्याला फिरवायला पेट्रोलच जाळावं लागतं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं थांबवलं. काही महिन्यांत बॅरलचा भाव ३ डॉलरच्या आसपासून ११ डॉलरच्या पुढे गेला. झळ आपल्यालाही लागली. नोव्हेंबर १९७३ मध्ये पेट्रोल दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. तिकडे अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या, आणि अशा वेळी जे होतं तेच झालं. पेट्रोल वाचवणाऱ्या वस्तूंचं पीक आलं.

डिसेंबर १९७५ मध्ये तिथे ऊर्जेविषयीचा एक मोठा कायदा झाला. त्यातली एक तरतूद फार शहाणपणाची होती. अशा वस्तूंची तपासणी सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने करायची आणि निष्कर्ष सगळ्यांसाठी खुले ठेवायचे. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवायची, ठरलेल्या आलेखाप्रमाणे सेकंदासेकंदाला वेग कमी-जास्त करायचा, वस्तू लावून आणि काढून. पेट्रोल किती लागलं हे बाहेर पडणाऱ्या धुरातल्या कार्बनवरून काढायचं. अशा शंभरावर वस्तूंची तपासणी झाली. बहुतेकांनी काहीच वाचवलं नाही. थोड्यांनी किंचित वाचवलं आणि त्यातल्या काहींनी धूर वाढवला. ज्यांना थोडंफार जमलं त्यांत एक वस्तू होती ॲक्सिलरेटर जोरात दाबला की एसी तेवढ्यापुरता बंद करणारी! म्हणजे ड्रायव्हरच्या बोटाचं काम.

मग "मला फरक पडला" म्हणणारे सगळे खोटारडे का? अजिबात नाही. पैसे मोजून वस्तू बसवली की माणसाचं लक्ष ॲव्हरेजकडे जातं आणि पाय आपोआप हलका पडतो. बसवताना मेकॅनिक प्लग साफ करतो, हवा भरतो. शिवाय पंपावर "टाकी फुल" म्हणजे दर वेळी तेवढीच फुल नसते. वीस लिटरमध्ये एक लिटर इकडेतिकडे झालं की पाच टक्के झाले. हे सगळं श्रेय ठोकळ्याच्या खात्यावर जमा होतं. मोजणारा प्रामाणिक असतो, पण तोच पैसे देऊन बसलेला असतो.

त्याच कायद्यात दुसरी तरतूद होती, मोटार कंपन्यांसाठी. विकलेल्या गाड्यांचं सरासरी ॲव्हरेज १९८५ पर्यंत गॅलनला २७.५ मैलांवर न्यायचं, नाहीतर दंड भरायचा. लिटरला साधारण पावणेबारा किलोमीटर. १९७४ च्या मानाने जवळजवळ दुप्पट! कंपन्या कुरकुरल्या, पण गाड्या हलक्या केल्या, इंजिनं लहान केली, गिअरबॉक्स सुधारले, पुढे कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन आणलं. दहा वर्षांत नव्या मोटारींची सरासरी खरोखरच तिथे पोचली.

मला या इतिहासातली हीच जोडी महत्त्वाची वाटते. दंडाची टांगती तलवार असताना, दोनतीन टक्क्यांसाठी झगडणाऱ्या कंपन्यांनी नळीवरचं लोहचुंबक बसवून सुटका करून घेतली नाही. पोगचं फुकट झालेलं पेटंटही उचललं नाही. ज्यांना ॲव्हरेजची सगळ्यात जास्त निकड होती त्यांनीच ती वाट सोडून दिली.

मामेभावाला मी हे सगळं एवढं लांबण लावून सांगितलं नाही. ठोकळा घेऊ नकोस म्हटलं. तसले ठोकळे लोकांनी उघडून दाखवलेत. आत दिवे आणि ते लुकलुकवणारी एक चिप, गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणंच नाही. त्यापेक्षा दर पंधरवड्याला टायरची हवा तपास, लांब सिग्नलला इंजिन बंद कर, आणि भाडं कमी पडत असेल तर सीएनजी किटचा हिशोब कर. तिथे पैसे वाचतात ते इंधन स्वस्त मिळतं म्हणून, आणि ते पावतीवर दिसतं.

जाहिरातीत "वीस टक्के बचत" वाचलीत तर एकच विचारा : हे मोजलं कुणी, आणि त्याचे पैसे कुणाकडून आले? बाकी शास्त्र नंतर बघता येतं.