रक्त वेगळे की लग्नाचे कुंपण?

चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुडा पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. त्यावरून ‘यांचे रक्तच वेगळे’ असे म्हणणारे भेटतात, आणि त्यांत शिकलेलेच जास्त!

खरे काय आहे? अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदलले. तेवढ्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. असा बदल जात विचारून होत नाही. आईबापांपैकी एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक. वाहकाला मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे ॲलिसनने १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवले. जंगलपट्टीत वाहक मुले तगली, बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला. दोघांकडून आला की मात्र आजार. दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारांत एक शक्यता.

हाच सिकलसेल विदर्भातल्या महारांत आहे, अरबस्तानात आहे, आफ्रिकेत आहे. मग यांचा ‘वंश’ कोणता म्हणायचा?

मलेरिया हे अर्धेच उत्तर. बदल ठरावीक समाजांत साठून राहतो तो सोयरीक बाहेर होत नाही म्हणून. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म म्हणून हेच सांगितले: जातीतल्या जातीत लग्न. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकाच्या मापांचेच आकडे घेऊन त्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचे मांडले. २०१३ च्या जनुकीय अभ्यासानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी भारतात मोठी सरमिसळ झाली, अगदी भिल्लांसारख्या समाजांतही. कुंपणे त्यानंतरची आहेत.