सॅव्हॉयमधील ढोलांची झुंज

१९३७ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस लंडन येथें सहावे जॉर्ज यांचा राज्याभिषेक झाला, आणि जगांतील बहुतेक वृत्तपत्रें त्या सोहळ्याच्या वर्णनांनीं भरून गेलीं. त्याच्या आदल्या रात्रीं, मंगळवारीं, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत एका निराळ्याच सिंहासनाचा निवाडा चालला होता. लेनॉक्स ॲव्हेन्यूवरील सॅव्हॉय या नृत्यगृहांत सुमारें चार हजार माणसें दाटीवाटीनें उभीं होतीं, आणि जागेअभावीं परत फिरवावीं लागलेलीं माणसें पांच हजारांच्या घरांत होतीं. रस्ता मोकळा ठेवण्यासाठीं घोडेस्वार पोलीस आणावे लागले. जाहिरातींत या सामन्यास शतकांतील संगीतयुद्ध म्हटलेलें होतें. जाहिरातीची भाषा नेहमींच फुगलेली असते. परंतु या प्रसंगीं ती फारशी खोटी ठरली नाहीं.

सामना दोन वाद्यवृंदांचा होता. एक बेनी गुडमनचा, गोऱ्या वादकांचा. दुसरा चिक वेबचा, कृष्णवर्णीयांचा. जाणत्यांचें लक्ष मात्र दोघां ढोलवादकांकडे लागलें होतें. गुडमनच्या वृंदांत जीन क्रूपा ढोल वाजवी, आणि दुसऱ्या बाजूस खुद्द वेब; कारण तो आपल्या वृंदाचा नायकही होता आणि ढोलवादकही.

या वाद्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आपला तबलजी दोन वाद्यांवर राज्य करतो आणि त्याचे पाय मांडी घालून स्वस्थ बसलेले असतात. अमेरिकन ढोलवादकाचे हात आणि पाय असे चारही अवयव निरनिराळ्या कामांस जुंपलेले असतात. उजव्या पायानें पट्टी दाबून तो मोठ्या ढोलावर घाव घालतो, डाव्या पायानें दोन झांजा मिटवितो व उघडतो, आणि हातांतील काठ्यांनीं पुढ्यांतला तारा लावलेला लहान ढोल, आजूबाजूचे मध्यम ढोल व दांड्यांवर टांगलेल्या झांजा वाजवितो. पूर्वीं हेंच काम दोनतीन माणसें मिळून करीत. १९०९ सालीं शिकागोच्या लुडविग यानें मोठ्या ढोलासाठीं पायपट्टीची चपळ रचना सिद्ध केली, तेव्हांपासून एकट्या माणसास हा सारा संसार सांभाळणें सोपें झालें. झांजांचें मूळ तर तुर्कस्तानांतलें. १६२३ पासून कॉन्स्टँटिनोपल येथें त्या घडविणाऱ्या झिल्ज्यान या आर्मेनियन घराण्याचा कारखाना १९२९ सालीं अमेरिकेंत निघाला.

वाद्याच्या हकीकतीपेक्षां तें वाजविणाऱ्या समाजाची हकीकत अधिक लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १७३९ सालीं दक्षिण कॅरोलायनांत स्टोनो नदीच्या कांठीं गुलामांनीं बंड केलें. बंडवाले ढोल वाजवीत निघाले होते. बंड मोडून काढल्यावर १७४० सालीं जो कडक कायदा झाला त्यांत गुलामांच्या ढोलांवर आणि शिंगांवर बंदी आली. ढोलाचा आवाज दूरवर निरोप पोहोंचवितो, ही मळेवाल्यांची धास्ती अगदींच निराधार नव्हती. ज्यांचे ढोल असे हिरावले गेले त्यांनीं टाळ्यांनीं, पायांच्या ठेक्यानें आणि मांडीवर थापा मारून ताल जिवंत ठेवला. न्यू ऑर्लीन्स शहरांतील काँगो चौकांत मात्र एकोणिसाव्या शतकांतही बराच काळ रविवारीं ढोल घुमत असत, आणि त्याच शहरांत पुढें जॅझ संगीत जन्मास आलें. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत १९३५ सालीं लिऑन ॲबी याच्या कृष्णवर्णीय वृंदानें तें ऐकविलें. गोमंतकीय वादकांनीं तें आत्मसात् करून हिंदी चित्रपटांच्या संगीतांत नेऊन मिसळलें, ती कथा निराळी आहे. हार्लेममधील श्रोत्यांस ढोल हें केवळ करमणुकीचें साधन कां वाटत नव्हतें, हें कळण्यास १७४० चा तो कायदा आठवणें पुरेसें आहे.

विल्यम हेन्री वेब हा बाल्टिमोरचा. जन्म १९०५ च्या सुमाराचा. लहानपणींच त्याच्या पाठीच्या कण्यास क्षयाची बाधा झाली. पाठीस कुबड आलें आणि उंची चार फुटांच्या आसपास खुंटली. आखडलेले सांधे मोकळे व्हावे म्हणून वैद्यानें ढोल वाजविण्याचा सल्ला दिला, असें सांगतात. वर्तमानपत्रें विकून सांठविलेल्या पैशांतून या मुलानें आपला पहिला ढोलसंच घेतला. तरुणपणीं तो न्यूयॉर्कला आला आणि १९२६ मध्यें त्यानें स्वतःचा वृंद उभा केला. पुढें १९३१ पासून हा वृंद सॅव्हॉयचा घरचा वृंद म्हणून नांवारूपास आला.

वेबला स्वरलिपि वाचतां येत नसे. नवी चीज बसविली जात असतां तो समोर उभा राहून ऐके आणि एकूणएक वाद्याचा भाग मुखोद्गत करी. एखादा वादक चुकला तर ती जागा तो स्वतः गुणगुणून दाखवी. पाठांतर या शब्दास अलीकडे जो कमीपणा आला आहे तो वेबच्या वृंदांतील कोणासही पटला नसता. त्याचें आसन रंगमंचाच्या मध्यावर उंच चौथऱ्यावर असे. पायपट्ट्या त्याच्या मापानें करून घेतलेल्या, झांजांच्या दांड्या त्याच्या हातांच्या पल्ल्यांत वांकवून आणलेल्या. आणि पुढचा मोठा ढोल इतका थोरला कीं पुष्कळदां त्याच्या पाठीमागें चेहरा व खांदे एवढेंच दिसे.

क्रूपाचें सारें याच्या उलट. तो शिकागोचा, देखणा, भरदार. वाजवितांना केस कपाळावर येत, अंग घामानें निथळे, जबड्याची हालचालसुद्धां तालांत होई. १९३५ च्या ऑगस्टमध्यें लॉस एंजेलिसच्या पॅलोमार नृत्यगृहांत गुडमनच्या वृंदास जें अकस्मात् यश मिळालें त्यानंतर देशभर तरुण मंडळी त्याच्या नादीं लागली होती, आणि १९३७ च्या मार्चमध्यें न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरांत तीं मुलें खुर्च्यांमधल्या वाटांत नाचूं लागलीं होतीं. मागच्या रांगेंतल्या ढोलवादकास पुढें आणून लोकांच्या नजरेंत भरविण्याचें श्रेय क्रूपाचें आहे. तो निव्वळ देखावा करणारा होता असें समजणें अन्यायाचें होईल. हात तयार होता, आणि हार्लेमच्या वादकांकडून आपण काय घेतलें याची त्यास पुरी जाणीव होती. 'स्विंगचा राजा' ही पदवी मात्र गुडमनकडे गेली होती. या राजाच्या गाजलेल्या चिजांपैकीं एक म्हणजे 'स्टॉम्पिन ॲट द सॅव्हॉय'. ती रचली वेबच्या वृंदांतील एडगर सॅम्प्सन यानें, ध्वनिमुद्रित केली वेबनें १९३४ मध्यें, आणि कीर्ति आली ती गुडमनच्या १९३६ च्या मुद्रिकेस. ज्या वास्तूच्या नांवानें ती चीज ओळखली जाई त्याच वास्तूंत आतां दोघे समोरासमोर येणार होते.

ती वास्तूही साधी नव्हती. १४० व्या आणि १४१ व्या रस्त्यांमधील सबंध अंतर व्यापणारें तें सभागृह १९२६ च्या मार्चमध्यें उघडलें. शेजारीं शेजारीं दोन रंगमंच. एक वृंद थांबला कीं दुसरा लागलीच सुरू होई, म्हणून नाचणाऱ्यांस खंड पडत नसे. हार्लेममध्येंच कॉटन क्लब नांवाचें जें प्रसिद्ध स्थान होतें तेथें कृष्णवर्णीयांनीं वाजवावें आणि गोऱ्यांनीं ऐकावें असा रिवाज होता. सॅव्हॉयमध्यें दोघेही एकाच लांकडी जमिनीवर नाचत. १९३७ च्या अमेरिकेंत ही गोष्ट लहान नव्हती. येथले नर्तक लिंडी हॉप या नृत्यांत जगांत अग्रगण्य गणले जात, आणि वाद्यवृंदाची लय केसभर ढळली तरी ती त्यांच्या पायांस प्रथम कळे.

त्या रात्रीं वेबनें आपल्या मंडळींस बजावलें होतें कीं ही माझी घटका आहे; ज्याचा सूर चुकेल त्यानें उद्यां कामावर येण्याची तसदी घेऊं नये. गुडमनच्या वृंदानें आरंभ केला आणि लोकांनीं त्यास मोकळ्या मनानें दाद दिली. मग वेबची पाळी आली. गुडमनच्याच गाजलेल्या चिजा त्यानें उलट त्याच्या तोंडावर अधिक ज़ोमानें वाजवून दाखविल्या, असें सांगतात. त्या रात्रीचें ध्वनिमुद्रण उपलब्ध नाहीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मुद्रित झालेली 'हार्लेम काँगो' ही त्याची चीज ऐकली म्हणजे त्या रात्रीची थोडी कल्पना येते. त्या काळच्या मुद्रणयंत्रांस मोठा ढोल नीटसा पेलत नसे. तरी वेबचे दोन्ही हात इतक्या त्वरेनें चालत असतांही प्रत्येक आघात सुटा, मोत्यासारखा वेगळा ऐकूं येतो. आपल्याकडे तिहाई घेऊन वादक जसा नेमका समेवर उतरतो, तसा तो आपला तुकडा संपवून सबंध वृंदाच्या पहिल्या सुरावर अचूक उतरतो, आणि पुढचीं शिंगें जणूं त्याच्याच काठीनें ढकललीं जातात. एकट्यानें फार वेळ वाजवीत राहणें त्यास आवडत नसे. चार मात्रांची किंवा चार आवर्तनांची जागा मिळाली कीं तेवढ्यांत तो काम उरकी. डोळ्यांनीं पाहणाऱ्यास क्रूपा अधिक भरे. पायांनीं ऐकणारे नर्तक वेबच्या लयीस बांधलेले राहत.

निकाल टाळ्यांनीं आणि आरोळ्यांनीं लागला. तो वेबच्या बाजूनें लागला, यांत आश्चर्य नाहीं, असें कोणी म्हणेल; घर त्याचें, वस्ती त्याची, नाचणारेही त्याचेच. हा आक्षेप वाजवी आहे, आणि केवळ आरोळ्यांवर भिस्त असती तर इतिहासानें तो निकाल बाजूस ठेवला असता. पण साक्ष आहे ती पराभूताची. क्रूपा आपल्या जागेवरून उठला आणि त्या खुज्या माणसापुढें त्यानें मान लववून नमस्कार केला. याहून थोर माणसाकडून आपण कधींच हरलों नाहीं, अशी कबुली त्यानें पुढें उघडपणें दिली, आणि वेबची थोरवी तो आयुष्यभर सांगत राहिला. त्या काळच्या अमेरिकेंत एका गोऱ्या, लोकप्रिय आणि तरुण वादकानें भर सभेंत असें करणें म्हणजे काय, याचा विचार केला पाहिजे.

पुढच्या वर्षीं, १६ जानेवारी १९३८ रोजीं, गुडमननें कार्नेगी हॉलमध्यें आपला प्रसिद्ध जलसा केला, आणि त्याच रात्रीं सॅव्हॉयमध्यें वेब व काउंट बेसी यांचा सामना झाला. त्या सामन्याचा विजय कोणाचा, यावर अजून एकमत नाहीं. त्याच वर्षीं वेबच्या वृंदांत गाणारी एला फिट्झजेराल्ड हिच्या 'अ-टिस्केट, अ-टास्केट' या गाण्यानें वृंदास घरोघर नेलें. १९३५ मध्यें वेबनें तिला आपल्याकडे घेतलें तेव्हां ती अगदीं कोंवळी आणि अपरिचित मुलगी होती. पण पैसा आला तोंवर शरीर संपत आलें होतें. कण्याच्या दुखण्यानें वाजवितां वाजवितां त्यास घेरी येऊं लागली, तरी दौरे थांबले नाहींत. १६ जून १९३९ रोजीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत त्याचा अंत झाला. त्यानें वयाची पस्तिशीही गांठली नव्हती. वृंद कांहीं काळ एलाच्या नांवानें चालला आणि १९४२ मध्यें मोडला.

सॅव्हॉय १९५८ सालीं बंद पडलें आणि त्या जागीं रहिवासी इमारती उठल्या. लेनॉक्स ॲव्हेन्यूवर त्याच्या स्मरणार्थ २००२ मध्यें एक फलक बसविण्यांत आला. तो उघडण्याच्या वेळीं फ्रँकी मॅनिंग आणि नॉर्मा मिलर हे सॅव्हॉयचे दोन जुने नर्तक हजर होते. क्रूपा १९७३ पर्यंत जगला.